मेडिकलमधलं ट्रेनिंग नुसत्या सहीवर उरकायचं का?

प्रश्न: मुलीची डी. फार्मची (फार्मसी डिप्लोमाची) परीक्षा झाली, आता ट्रेनिंग आहे. ओळखीचे मेडिकलवाले म्हणतात रोज यायची गरज नाही, शेवटी फॉर्मवर सही-शिक्का देतो. तोवर तिने नोकरी बघावी असं घरात चाललंय. काय करू? – एक आई, बार्शी

उत्तर: ताई, सही मिळतेय म्हणून घेऊ नका हो, अगदी कळकळीने सांगते. नियमाने हे ट्रेनिंग किमान 500 तासांचं, कमीत कमी तीन महिने, आणि त्यातले निदान 250 तास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून प्रत्यक्ष औषधं देण्यात गेले पाहिजेत. हे तास कागदावर भरले तर उद्या रजिस्टर्ड फार्मसिस्ट म्हणून काउंटरला एकटी उभी राहील तेव्हा काय करेल?

संधिवाताच्या मेथोट्रेक्सेट या गोळीचंच उदाहरण घ्या. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, पेशंटने चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, आणि चिठ्ठीवरचं अक्षर कसं असतं ते तुम्हाला माहितीच आहे. अशा वेळी शंका आली की अंदाजाने न देता डॉक्टरांना फोन लावायचा आणि मग पेशंटला वार ठरवून द्यायचा, पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्यायचा, हे पुस्तकात वाचून अंगात येत नाही, जाणत्या फार्मसिस्टच्या शेजारी उभं राहूनच येतं. इनहेलरचंही तसंच, आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबतानाच सावकाश आत ओढायचा आणि दहा सेकंद रोखायचा. नुसतं सांगून भागत नाही, पेशंटकडूनच करून घ्यायचं, बहुतेक चुका तिथेच दिसतात.

बाकी इन्सुलिन फ्रिजमध्ये पण फ्रीजरमध्ये नाही, एक्सपायरीचा माल वेगळा काढणं, शेड्युल एच-वनच्या (म्हणजे काही अँटिबायोटिक, टीबीची आणि सवय लागणारी अशा सरकारी यादीतल्या) औषधांची वेगळ्या रजिस्टरला नोंद (ती तीन वर्षं जपावी लागते), ही कामं रोज गेलं की हाताखालून जातातच.

दुकानदारांना स्पष्ट सांगा की ती रोज येणार आणि तिला फक्त माल लावायला आणि बिलं करायला ठेवू नका, हा त्रास फार मुलांना होतो. ऐकलं नाही तर कॉलेजशी बोला, सरकारी हॉस्पिटलच्या फार्मसीतही हे ट्रेनिंग करता येतं. तिथे गर्दी प्रचंड असते पण शिकायला भरपूर मिळतं. नोकरी तीन महिन्यांनी बघा.