मिश्र वारशाच्या मुलांच्या नव्या पालकांसाठी

आई-वडील वेगवेगळ्या वंशांचे किंवा समाजांचे असले, की ‘तू नक्की कोण?’ हा प्रश्न बाहेरचे लोक आपल्या मुलाला आपल्याआधी विचारतील, हे गृहीत धरून घरातले बोलणे लवकर सुरू करावे. तीन-चार वर्षांच्या मुलाला कातडीच्या रंगातला फरक दिसत असतो आणि आपण गप्प राहिलो, तर हा विषय काढायचा नसतो, एवढेच ते शिकते. ‘अर्धा हा, अर्धा तो’ अशी वाटणी मात्र टाळावी (नातेवाईक ती हौसेने करतातच). अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मारिया रूट यांनी १९९३ मध्ये मिश्र वारशाच्या व्यक्तींसाठी जो हक्कनामा मांडला, त्यात आपली ओळख आई-वडिलांच्या अपेक्षेपेक्षा किंवा भावंडांपेक्षा वेगळी सांगण्याचा आणि ती आयुष्यात एकाहून अधिक वेळा बदलण्याचाही हक्क नोंदवला आहे. पालकांना नेमके हेच जड जाते. मुलीने शाळेच्या अर्जावर केवळ वडिलांच्या समाजाचे नाव लिहिले, तर आईला स्वतःलाच नाकारल्यासारखे वाटते. अशा वेळी रुसून न बसता, तिला तसे का लिहावेसे वाटले ते विचारावे आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकावे. दोन्हीकडच्या आजी-आजोबांकडे मुलाला आपल्यावाचूनही राहू द्यावे, आणि त्यांच्यापैकी कोणी दुसऱ्या घराण्याला नावे ठेवली, तर मुलादेखतच त्यांना आदराने पण स्पष्टपणे थांबवावे.