फरशी कुठली, त्याआधी ओल कुठली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दापोलीजवळ आमचं जांभ्याचं जुनं घर आहे. माजघरातली शेणाची जमीन काढून ३०० चौरस फूट कोटा फरशी घालायची आहे. गवंडी म्हणतो, जमीन ठोकू आणि थेट सिमेंट-वाळूचा माल पसरू. पावसाळ्यात ओल येते. चालेल का? सामान किती लागेल?

उत्तर : नाही चालणार. मातीवर थेट बसवलेली फरशी ठिकठिकाणी खचते आणि जमिनीतली ओल मालातून वर चढते. तयार फरशीची उंची उंबऱ्यावरून आधी ठरवा आणि तिथून खाली सुमारे ११ इंच खणा. जांभ्याच्या भिंतीचा पाया उथळ असेल तर कडेला तेवढं खोल जाऊ नका, पाया उघडा पडेल. वाळवीचं औषध याच टप्प्यावर मारून घ्या, पुन्हा संधी नाही.

तळ पाणी मारून धुम्मसाने ठोका. वर ४ इंच सोलिंग, म्हणजे दगडांचा ठोकून बसवलेला थर, तोही काळ्या दगडाचा. घरात पडलेले जांभ्याचे तुकडे वापरायचा मोह होतो, पण जांभा सच्छिद्र, पाणी ओढून घेतो. सोलिंगवर वाळूचा पातळ थर, त्यावर २५० मायक्रॉनचं प्लॅस्टिक. जोडाला ६ इंच एकमेकांवर आणि भिंतीशी थोडं वर वळवलेलं. मग ४ इंच काँक्रीट, १:४:८ (सिमेंट : वाळू : खडी) प्रमाणात, आणि ७ दिवस पाणी. अडलेली ओल आता भिंतीकडे सरकेल, म्हणून भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा नको, चुन्याचाच ठेवा.

फरशीखाली दीड इंच माल, १:५ प्रमाणात : साधारण साडेसहा गोण्या सिमेंट आणि ४० घनफूट वाळू, म्हणजे अर्ध्या ब्रासहून कमी (ब्रास म्हणजे १०० घनफूट). प्रत्येक फरशीखाली ओतायच्या सिमेंटच्या रबडीला आणखी अडीच गोण्या. वाळू खाडीची नको. स्वस्त पडते, पण तिच्यातलं मीठ पुढे फरशीवर पांढरं फुटतं. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्या.

कोटा इंचभर जाडीची, १० टक्के जास्त, एकाच गाडीतली घ्या. उतरवताना पाणी मारून रंग बघा आणि हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजली की चांगली. भद्द आवाज म्हणजे थर सुटलेले. बसवताना फरशी आधी कोरडी ठेवून पाणसळ पाहायची, उचलायची, रबडी ओतायची, मग लाकडी हातोड्याने ठोकायची. चारही कोपरे वाजवून पाहा. पोकळ वाजला तर त्याच दिवशी उचलायला लावा, कारण कपाटाचा पाय नेमका त्याच कोपऱ्यावर येतो. पॉलिशचं मशीन किमान १० दिवसांनी.

प्रश्न : वेंगुर्ल्याला कोटा बसवून वर्ष झालं. जूनमध्ये फरशी ओली होते, दिवाळीनंतर सांध्यांशी पांढरी पावडर दिसते. स्वयंपाकघरात आगळ (कोकमाचा आंबट रस) सांडून डाग पडलेत. ॲसिडने धुऊ का?

उत्तर : ॲसिड लावूच नका. कोटा चुनखडीचा दगड आहे; ॲसिडने तो विरघळतो. आगळाने तेच केलंय. तो डाग नाही, तिथलं पॉलिश खाल्लं गेलं आहे. घासून जाणार नाही, तेवढ्या भागावर पुन्हा पॉलिश मारावं लागेल. सीलर लावला तरी तेला-हळदीचे डाग अडतात, आंबट नाही. ओट्यासाठी म्हणूनच ग्रॅनाइट बरा.

जूनमधल्या ओलीचं कारण आधी शोधा. दोन फूट प्लॅस्टिक फरशीवर ठेवून कडा चिकटपट्टीने बंद करा, दुसऱ्या दिवशी पाहा. थेंब वरच्या बाजूला असतील तर दमट हवेचं पाणी गार दगडावर धरतंय. पंखा, वारा पुरेसा. थेंब प्लॅस्टिकखाली असतील तर ओल जमिनीतून येते आहे, आणि पावडर त्याच पाण्याने वर आणलेल्या क्षारांची. ती कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पुसलीत तर क्षार पुन्हा दगडात मुरतात. वरून वॉटरप्रूफिंग करून ओल थांबत नाही. घराबाहेर पागोळ्यांचं पाणी जोत्याशी मुरतंय का ते पाहा. गटार काढून ते लांब न्या.

प्रश्न : मालवणच्या घराच्या पडवीत कोटा की शहाबादी?

उत्तर : पाऊस आत येत असेल तर खडबडीत शहाबादी, किंवा पॉलिश न केलेली कोटा. उतार बाहेरच्या बाजूला, दर ८ फुटांना १ इंच.