माळ्यावरचे व्हिडिओ गेम : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात माझ्या कपाटातल्या जुन्या टीव्ही गेमबद्दल लिहिलं आणि पत्रांवर पत्रं आली. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेळगावच्या शहापुरात वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीला टाकलेले आणि पुन्हा कुणी न्यायलाच न आलेले व्हिडिओ गेम तिथूनच माझ्याकडे जमत गेले. पुढे मी डिप्लोमा केला आणि त्याच कामात राहिले. आता एकेक यंत्र काढून, साफ करून, नव्याने खेळते आहे. सगळ्याच पत्रांना इथे जागा नाही, तेव्हा ज्यात बऱ्याच जणांच्या शंका आल्या ती पत्रं घेतली आहेत.

ताई, घराची कौलं उतरवताना माळ्यावर माझा लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट आणि चार कॅसेटी आहेत, अ‍ॅडाप्टर मात्र हरवलाय. मुलीला दाखवायची फार इच्छा आहे. घरात राउटरचा जुना अ‍ॅडाप्टर पडून आहे, पिनही बसते. लावू का? आणि कॅसेटमध्ये फुंकर मारायची ना?
— एक वाचक, खानापूर

लावू नका! पिन बसते हाच तर धोका आहे.

आपल्याकडे घरोघरी जे यंत्र आलं ते निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल. या नकलांना बहुतेक करून ९ व्होल्ट डीसी लागतं, आणि बऱ्याच यंत्रांत पिनच्या आत ऋण, बाहेर धन असतं. राउटरचा अ‍ॅडाप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि नेमका उलटा, म्हणजे आत धन. उलटा प्रवाह गेला तर आतली चिप क्षणात जाईल, आणि नकलेतली ती चिप काळ्या लाखेच्या थेंबाखाली पुरलेली असते. ती काढून दुसरी बसवता येत नाही. बरं, धन-ऋण जुळलं तरी १२ व्होल्ट नकोच. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो येईल त्याचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेले उष्णतेत घालवतो. ९ ऐवजी १२ दिलेत तर तो पावणेदोन पट तापेल. तीस वर्षं माळ्यावर राहिलेल्या यंत्राला हा ताप देऊ नका. यंत्राच्या पाठीवर गोल आणि अर्धगोल अशी धन-ऋणाची खूण असते. यंत्र घेऊन बेळगावात या आणि मीटर लावून, खूण बघून अ‍ॅडाप्टर देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

आता फुंकर. आपण सगळ्यांनी मारली आणि गेम चालूही झाले, पण ते फुंकरीमुळे नाही. कॅसेट काढून परत घातली की धातूच्या पट्ट्या एकमेकींवर घासल्या जातात आणि जोड बसतो. तोंडातली वाफ मात्र आतच राहते आणि पट्ट्यांवर हिरवट थर धरते. त्यातून तुमच्याकडचा पाऊस! खानापूर-जांबोटीच्या चार महिन्यांच्या ओलीत उघड्या पडलेल्या कॅसेटीला वेगळ्या फुंकरीची गरजच नाही. कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. थर घट्ट असेल तर शाळेतला मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामा निघून जातो. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घाला.

टीव्हीला मागून लावायची गेमची स्टिक मागवली. सगळे जुने गेम त्यात आहेत. मारिओ लावला, तर पहिल्याच खड्ड्यात पडतो. शाळेत असताना मी हा गेम न बघता खेळायचो. हात गेला म्हणायचा का?
— एक वाचक, निपाणी

हात गेलेला नाही. तुमच्या हाताला जो मारिओ पाठ आहे तो हा मारिओच नव्हे.

हा गेम १९८५ साली जपानात झाला तो तिथल्या टीव्हीसाठी, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. त्या काळच्या गेमला वेगळं घड्याळ नसे, टीव्हीवर उमटणारं चित्र हेच घड्याळ. एक चित्र उमटलं की मारिओ तेवढा पुढे सरकायचा. तोच जपानी प्रोग्रॅम पालसाठी बनवलेल्या नकलेत घातला की सगळंच एक षष्ठांशाने मंदावतं. वरच्या कोपऱ्यातला टाइम बघा. पहिल्या स्टेजला तो ४०० पासून उतरतो आणि दर २४ चित्रांना एक आकडा कमी होतो. जपानी टीव्हीवर ४०० संपायला १६० सेकंद लागतात, आपल्या जुन्या टीव्हीवर १९२. आपण सगळे या सावकाश मारिओवर वाढलो. तुमच्या स्टिकमध्ये तो मूळच्या वेगाने धावतो आहे.

माझ्याकडे एव्हीची वायर जोडून घेतलेला जपानी फॅमिकॉम आहे आणि इथली नक्कलही. दोन्ही शेजारी लावून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. सूर जवळपास तेच, कारण दोन्ही प्रोसेसरांचा वेग जवळजवळ सारखा आहे, १.७९ आणि १.७७ मेगाहर्ट्झ. लय तेवढी उतरलेली. बेळगाव-धारवाडच्या माणसाला हा फरक लगेच कळेल. माझ्या कानांना अजून आपली ती उतरलेली लयच खरी वाटते, आणि त्याला माझा इलाज नाही.

शिवाय सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःकडे घेऊन घासूनपुसून मग दाखवतो. तोवर तुमचं बटण दाबून झालेलं असतं. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो लावा, बराच फरक पडेल. वेगाची सवय होते. आणि नाहीच झाली तर चालू स्थितीतली जुनी नक्कल आणि डब्यासारखा जुना टीव्ही शोधा. भंगारात निघतात, कुणी विचारत नाही, तेव्हा आत्ताच घेऊन ठेवा.

मी एकोणीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. बाबा कॉन्ट्राचं इतकं कौतुक करतात म्हणून खेळून बघितला. दोन मिनिटांत तिन्ही लाइफ संपल्या. हे गेम खरंच चांगले आहेत, की तुमच्या पिढीच्या आठवणी चांगल्या आहेत?
— एक वाचक, टिळकवाडी

हा प्रश्न मलाही पडला होता. कपाट उघडलं ते त्यासाठीच. आठवणीवर विसंबून राहिलं तर सगळेच गेम थोर. म्हणून एकेक गेम परत लावला, आणि उत्तर सरसकट आलं नाही.

आधी जे उतरले ते सांगते. अटारी २६०० हे १९७७ चं यंत्र. आमच्याकडचं आखाती देशातून आलेलं. त्याची रॅम १२८ बाइट, तुझं पत्रसुद्धा त्यात मावायचं नाही. त्यावरचा १९८२ चा पॅकमॅन लहानपणी मला जादू वाटायचा. आता लावला तर डोळे दुखले. हलणाऱ्या मोठ्या आकृत्या त्या यंत्राला एका वेळी दोनच काढता येतात, म्हणून पाठलाग करणारी चार भुतं आळीपाळीने एकेका चित्रात दाखवली आहेत. ती सारखी लुकलुकतात. अडचण समजली, आदरही वाटला, पण परत खेळावासा वाटत नाही.

त्याच यंत्रावरचा, त्याच वर्षीचा रिव्हर रेड मात्र लाव. नदीवरून विमान न्यायचं, पेट्रोल भरत, पूल उडवत. कॅरोल शॉ या बाईंनी तो लिहिला, ४ किलोबाइटच्या कॅसेटीत. एवढी लांब नदी ठेवायला जागाच नाही, म्हणून त्यांनी ती ठेवली नाही. एक संख्या घेऊन ठरावीक गणिताने पुढची संख्या काढायची आणि तिच्यावरून काठ, बेटं, पूल मांडायचे. गणित तेच, म्हणून नदी दर वेळी तीच. तू इंजिनिअरिंगचा आहेस, हे कॉलेजात शिकवतील त्याआधी खेळून बघ. मी लहानपणी फक्त विमान उडवलं, नदीकडे बघायची अक्कल आत्ता आली.

आता कॉन्ट्रा, दोन सैनिकांनी गोळ्या झाडत पुढे जायचा गेम. तुझ्या बाबांचं बरोबर आहे, पण त्यांनी तुला अर्धंच सांगितलं. तो एकट्याने खेळायचा गेमच नाही. बाबांना दुसरा रिमोट दे. बघ, बहुतेक शत्रू ठरल्या जागी येतात, गोळी डोळ्यांना दिसेल एवढी सावकाश असते, उडी मारून झाल्यावर हवेतही दिशा बदलता येते. मेलास तर का मेलास ते कळतं, आणि पुढच्या वेळी तिथे वाचतोस. मला हा न्याय फार मोलाचा वाटतो. आजचे कितीतरी महागडे गेम तो देत नाहीत. तिसरी स्टेज धबधब्याची, पडदा वर सरकत जातो. जोडीदार भराभर चढला तर खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो. माझा भाऊ नेहमी चढायचा आणि मी मरायचे. त्यावरून आमच्या घरात जेवणं राहिली आहेत. आणि याच गेममध्ये आपल्या लाइफ संपल्या की जोडीदाराच्या लाइफमधून एक घेता येते. दोन मुलांना बोलायला, भांडायला, मागायला आणि द्यायला लावणारा असा गेम मला दुसरा माहीत नाही.

तीन लाइफ कमी पडतात हे खरंच. सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए, स्टार्ट दाब, तीस मिळतील. ही युक्ती कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी ग्रॅडियस या १९८६ च्या गेममध्ये घातली. तो तपासताना त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता म्हणून! आमच्या गल्लीत त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण ओळ पाढ्यांसारखी पाठ होती. तेव्हा वापरायला संकोच करू नकोस.

आणि एक गेम असा की तो माझ्या आठवणीपेक्षाही चांगला निघाला. टँकचा गेम. खरं नाव बॅटल सिटी, नामको कंपनी, १९८५. विटांच्या आत बसलेल्या गरुडाला वाचवायचं. त्यात ‘कन्स्ट्रक्शन’ म्हणून एक पर्याय आहे, तो आम्ही सुट्टीत शोधला. तेरा बाय तेरा चौकोनांचं मैदान, वीट, लोखंड, पाणी, झाडी आपण मांडायची. मी त्यात आमची गल्ली मांडायचे. घरांच्या विटा, मधली बोळं, विहिरीच्या जागी पाणी, गरुडाशेजारी आमचं दुकान. यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जायचं, आणि वीज तर केव्हाही जायची. मग परत पहिल्यापासून मांडायचं. गेल्या महिन्यात भाचीला दाखवलं. ती म्हणाली, “मावशी, सेव्ह कुठे करायचं?” नाही म्हटल्यावर तिने वहीत चौकोन आखून नकाशा काढून घेतला. मला लहानपणी सुचलं नव्हतं.

बंदुकीने बदकं मारायचा गेम नव्या टीव्हीवर चालत नाही. गोळी लागतच नाही. बंदूक बिघडली का?
— एक वाचक भगिनी, अनगोळ

बंदूक ठीक असेल. तिच्यातून काही बाहेर जात नाही, उलट ती टीव्हीचा प्रकाश आत घेते. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो दिसला तर नेम लागला. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या गतीवर बेतलेलं आहे. नवा टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीने बघायचं थांबवलेलं असतं. जुना टीव्ही मिळाला तर लावा, मात्र तो घरी उघडू नका. बंद असला तरी आत जोराचा झटका बसेल एवढं व्होल्टेज साठलेलं राहू शकतं.

कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलंय. त्यात खरे गेम किती?
— एक छोटा वाचक, चिकोडी

मोजून बघ, एखादी वही भरेल इतकेही नाहीत. तेच थोडे गेम फिरून फिरून येतात, कुठे दुसऱ्या स्टेजपासून, कुठे जास्त लाइफ देऊन. यादीतली पहिली दोन-तीन पानं खेळलास की झालं.

माझ्याकडे चांगल्या अवस्थेतली दोन यंत्रं आणि बऱ्याच कॅसेटी आहेत. पांढरं प्लास्टिक पिवळं पडलंय. ते पांढरं करून, पॅक करून ठेवावं म्हणतो. वापरलं तर खराब होतील ना?
— एक वाचक, बेळगाव कॅम्प

पिवळेपणा आग रोखण्यासाठी प्लास्टिकमध्ये घातलेल्या ब्रोमीनयुक्त रसायनामुळे आणि उन्हामुळे येतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो काढतात, पण पुन्हा येऊ शकतो. मी माझी यंत्रं पिवळीच ठेवली आहेत.

पॅक मात्र करू नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे नळकांडीसारखे भाग, वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिले की आतला थर झिजतो. अधूनमधून चालवलेलं यंत्र जास्त टिकतं. आणि दिवाणखान्यात काचेआड ठेवलेल्या कॅसेटीत काय आहे हे घरात कुणाला कळणार? पावसाळ्याआधी कॅसेटी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की बदला. माळ्यावर नको, माणसांच्या वावरातल्या कपाटात ठेवा. गणपतीला पुण्याहून, गोव्याहून पोरंबाळं येतील तेव्हा बाहेर काढा आणि दोघांचा गेम लावा. त्याआधी दुसरा रिमोट उघडून बघा. बटणांखालच्या रबरावरचा काळा ठिपका मळलेला असतो, तोही त्याच अल्कोहोलने अगदी हलका पुसून घ्या. रबर फाटलं असेल तर बंद पडलेल्या दुसऱ्या रिमोटमधलं काढून बसवता येतं.