फॉरवर्ड करायच्या आधी एवढं बघ

व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज खरा की खोटा कसं ओळखायचं, हे विचारलंस ते बरं केलंस. सुरुवातीला सगळं शिकायच्या मागे लागू नकोस, एवढं जमलं तरी खूप आहे:

१. मेसेजवर दोन बाणांची खूण (म्हणजे खूपदा फॉरवर्ड झालेला) दिसली की थांब, पाठवणारा मामा असला तरी लिहिणारा तो नाहीये.
२. तारीख, गाव, कुणी सांगितलं, यातलं काहीच नसेल तर पुढे पाठवू नकोस.
३. व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये (फोटोवरून शोधायचं गूगलचं ॲप) टाक, आधी कुठे आलाय ते बऱ्याचदा तिथेच सापडतं.

नवीन लोकांची नेहमीची चूक म्हणजे व्हिडिओ खरा दिसतोय ना, मग बातमी पण खरीच. २०१८ मध्ये मुलं पळवणारी टोळी म्हणून जो व्हिडिओ देशभर फिरला तो कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता, मुलाला परत आणून सोडतात तो भाग कापलेला, आणि तशाच अफवांपायी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने पाच निरपराध माणसं मारली. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती रे ती.

आणि 'खरं-खोटं माहीत नाही, आलं तसं पाठवतोय' असं लिहून तर अजिबात पाठवू नकोस, ती ओळ कुणी वाचत नाही. एडिट केलेले फोटो ओळखणं वगैरे नंतर बघू.