काळी स्क्रीन, आतले फोटो

प्रश्न : गणेश चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधताना खिशातला मोबाईल खाली चिऱ्यावर आपटला. स्क्रीन काळीठिक्कर, पण फोन आला की वाजतो. आत आईचे शेवटचे फोटो आहेत. दुकानदार म्हणतो, रिसेट मारूया. काय करू? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : रिसेट मारू देऊ नका, फोटो कायमचे जातील! वाजतो म्हणजे फोनचा जीव शाबूत आहे. आधी दुसऱ्या मोबाईलवर तुमच्याच खात्याने गूगल फोटोज उघडा. बॅकअप चालू असेल तर काम तिथेच झालं.

नसेल तर कम्प्युटरला नुसती केबल लावून उपयोग नाही. फोनचं कुलूप उघडेपर्यंत फोल्डर रिकामाच दिसतो. माझा मोबाईल रायबंदरच्या फेरीबोटीवर पडला तेव्हा स्क्रीन दिसत होती, टच मेला होता. ओटीजी (मोबाईलला माऊस जोडायचा छोटा जोड) लावून मुलाचा माऊस जोडला, पडद्यावर बाण आला, त्या बाणाने पिन टाकला. तुमचं तसं नाही, काहीच दिसत नाही. काही फोन टीव्हीला जोडता येतात, सगळे नाही. सरळ डिस्प्ले बदलून घ्या, जुना चालेल. त्याने आतला डेटा पुसला जात नाही. पिन मात्र आठवून ठेवा. फोन बंद होऊन चालू झाला की पहिल्यांदा बोटाच्या ठशाने कुलूप उघडत नाही.