शाळेतला बँड पुन्हा उभा करताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शाळेच्या बॅचचं संमेलन ठरलं की कुणीतरी हमखास विचारतं, "आपला बँड पुन्हा वाजवायचा का?" मग माळ्यावरून गिटार खाली येते आणि तिच्याबरोबर प्रश्नही येतात. या वेळी तसेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही १९८६ साली दहावी झालेले पाच मित्र. डिसेंबरच्या संमेलनात पाच गाणी वाजवणार आहोत. गायक मित्राचा आवाज आता वर पोचत नाही. बरीच गाणी पांढरी तीनमध्ये आहेत. पट्टी उतरवली तर गाण्यातली जान जाते, असं गिटारवाल्याचं म्हणणं. काय करावं? — एक वाचक, दादर

पट्टी उतरवा. किती, ते गायकाला विचारून ठरवू नका, गाऊन ठरवा. गाण्यातली सर्वांत वरची ओळ त्याला पूर्ण आवाजात सलग तीन वेळा म्हणायला लावा. पहिल्या दोन वेळा उत्साहाने स्वर लागतो. तिसऱ्या वेळी गळा आवळला किंवा हनुवटी वर गेली, तर अर्धा स्वर उतरवून पुन्हा तीन वेळा. पन्नाशीनंतर बहुतेकांचं काम दोन अर्ध्या स्वरांत, म्हणजे पांढरी तीनवरून पांढरी दोनवर, भागतं.

तुमच्या गिटारवाल्याचं म्हणणंही खोटं नाही. गिटारची सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक तार मोकळी वाजते ती पांढरी तीनमध्येच, म्हणजे ई. रॉकच्या बऱ्याच रिफमध्ये (गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या ओळी) बोटं वर फिरत असताना ही मोकळी तार खाली घुमत राहते. बोटं सरकवून पट्टी बदलली की ती घुमच जाते. म्हणून बोटं नका सरकवू, सगळ्या तारा उतरवा : डी, जी, सी, एफ, ए, डी. बेस गिटारही तशीच : डी, जी, सी, एफ. हाताच्या सवयी त्याच राहतात, गाणं पांढरी दोनमध्ये येतं. एखादं गाणं मूळ पट्टीतच गाता येत असेल तर गिटारला दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. बेसवाल्याने मात्र त्या गाण्यापुरती बोटं दोन पडदे वर न्यायची.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. दोन अर्धे स्वर उतरवले की तारेचा ताण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. नऊ नंबरच्या तारा (सर्वांत बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) असतील तर त्या लुळ्या पडतात, पडद्यावर झणझणतात आणि जोरात दाबल्या की स्वर चढतो. दहा नंबरचा संच घाला, १० ते ४६ चा. उतरवलेल्या दहाचा ताण आणि मूळ सुरातल्या नऊचा ताण जवळजवळ सारखाच येतो, बोटांना फरक कळत नाही. मग मानेची वाकण तपासा. पहिल्या पडद्यावर कॅपो लावा, जाड तार शेवटच्या पडद्यावर दाबा आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. फट मोठी असेल तर मानेतला ट्रस रॉड (वाकण जुळवणारी धातूची सळई) पाव वळसा आवळा आणि एक रात्र थांबून पुन्हा बघा. एका बैठकीत पूर्ण वळसा कधीही देऊ नका. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगून मान हलते, त्यामुळे जुलैत जुळवलेली गिटार डिसेंबरात पुन्हा तपासावीच लागते.

कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोझ (पट्टी बदलायची सोय) उणे दोनवर ठेवायचं. बऱ्याच कीबोर्डांत हा आकडा वीज गेली की शून्यावर येतो. स्टेजवर कुणाचा पाय प्लगला लागला तर पुढचं गाणं दोन पट्ट्यांत सुरू होतं. कीबोर्डच्या कपाळावर चिकटपट्टी लावून '-२' लिहून ठेवा आणि प्रत्येक गाण्याआधी एक स्वर बेसशी जुळवून घ्या.

प्रश्न : तीस वर्षं बंद पडलेला गिटारचा अ‍ॅम्प सरळ सुरू केला तर चालेल का? आणि माइकला ओठ लागला की झटका बसायचा, ते कशाने? — एक वाचक, गिरगाव

सरळ सुरू करू नका. अ‍ॅम्पमधल्या मोठ्या कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर इतक्या वर्षांत विरतो. एकदम विजेचा पूर्ण दाब (व्होल्टेज) दिला की कपॅसिटर भरमसाट करंट ओढतो, तापतो, कधी फुटतो. इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बल्ब असतो, तोच इथे वापरायचा. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी नव्हे. अ‍ॅम्प त्या बल्बमधून जोडा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आशा आहे, अर्धा तास तसाच राहू द्या. बल्ब लखलखीतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचाच नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आत हात घालायचं काम जाणत्या मेकॅनिकचं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरतो. लॅमिंग्टन रोडच्या परिसरात असं काम करणारे अजून सापडतात. फुगलेले किंवा बुडाशी तपकिरी चिकट झालेले कपॅसिटर बदलून मागा.

घरघर कुठली आहे ते घरी ओळखता येतं. गिटारची वायर काढली, आवाज शून्यावर नेला, तरी घरघर राहिली तर संशय कपॅसिटरवर. तारांना हात लावल्यावर घरघर वाढली तर गिटारमधली अर्थची वायर तुटली आहे. नॉब फिरवताना नुसती खरखर येत असेल तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब वीसेकदा इकडून तिकडे फिरवा. बिजागरीचं तेल तिथे मारू नका, धूळ धरून बसतं.

आता झटका. ही किरकोळ गोष्ट समजू नका. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, माइकची जाळी पीएच्या (गायकाचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रणेच्या) अर्थला. दोघांपैकी एक यंत्र दोन पिनांच्या प्लगवर असेल तर त्याचं अंग तरंगत्या दाबावर राहतं. हात तारेवर आणि ओठ जाळीवर आले की तुम्हीच वायर होता. घामाने भिजलेले असाल तर जास्तच. उपाय असा : सगळी यंत्रं एकाच सॉकेटमधून निघालेल्या तीन पिनांच्या बोर्डावर लावा, घरघर थांबवण्यासाठी कुणी अर्थची पिन कापली असेल तर तो प्लग फेकून द्या. वाजवायला घेण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. आकडा शून्याच्या आसपास हवा. काही व्होल्टही दिसले तर वाजवणं सुरू करू नका.

प्रश्न : बोटं दुखतात, घट्टे गेले. किती दिवस लागतील? — एक वाचक, विलेपार्ले

दोन ते तीन आठवडे. रोज पंधरा-वीस मिनिटं, रविवारी एकदम तीन तास नव्हे. हात ओले असताना वाजवू नका, कातडी सोलते. सांधे सुजत असतील किंवा रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर तो घट्ट्यांचा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : तेव्हाच्या तालमीची एक कॅसेट सापडली आहे. टेपवर पांढरे ठिपके आहेत. ऐकता येईल का? — एक वाचक, ठाणे

ठिपके म्हणजे बुरशी. ती चालू टेपरेकॉर्डरच्या हेडवर लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते, म्हणून आधी साफसफाई. दमट दिवशी हे काम काढू नका. कोरड्या, हवेशीर खोलीत, तोंडाला मास्क बांधून, मऊ कोरड्या सुती कापडाची घडी टेपला हलकेच लावून रीळ हाताने, पेन्सिलीने फिरवा. कापड सारखं बदला. टेपच्या मधोमध मागे जी लहानशी फेल्टची गादी असते ती पाहा. गोंद सुकून ती पडलेली असते आणि मग आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. जुन्या निरुपयोगी कॅसेटमधली गादी काढून तिथे बसवता येते. कवच स्क्रूचं असेल तर उघडणं सोपं. चिकटवलेलं असेल तर रीळच दुसऱ्या कवचात घाला.

रेकॉर्डरचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग वाजवताना हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवा. झांजांचा चरचर आवाज उघडेल तिथे थांबा. ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं त्याचं हेड थोडं तिरकं असलं तर आपलंही तितकंच तिरकं करावं लागतं. कॅसेट पुन्हा पुन्हा न वाजवता पहिल्या फेरीतच संगणकावर घ्या : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ न देता.

त्या कॅसेटशी गिटार जुळली नाही तर कानांना दोष देऊ नका. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने फिरायला हवी. वेग ६ टक्क्यांनी चुकला की अख्खा अर्धा स्वर चढतो किंवा उतरतो. संगणकात वेग बदलून आधी सूर बरोबर करा, मगच लय मोजा. वेगाने चढलेली कॅसेट ऐकून "तेव्हा आपण किती जलद वाजवायचो" असं वाटून उगीच धावाधाव होते.

प्रश्न : बाबांचा ड्रमसेट १९९० पासून माळ्यावर आहे. त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला मित्रांना बोलावून तो वाजता करून द्यायचा आहे. बाबांना कळू न देता! — एक वाचक, डोंबिवली

फार छान ठरवलंत. ड्रमचं लाकडी खोड बहुधा शाबूत असतं, जातात त्या झिल्ल्या, म्हणजे खोडाच्या तोंडावर ताणलेली आवरणं. त्या कडक होऊन पत्र्यासारख्या वाजतात. माप घेताना रिंग काढून खोडाचा बाहेरचा व्यास इंचांत मोजा. रिंगसकट मोजलेलं माप चुकतं. बहुतेक संचांत पायाचा २२, टॉम १२ आणि १३, जमिनीवरचा १६, स्नेअर १४ असतो, पण तुमचा मोजूनच घ्या. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत या मापांच्या झिल्ल्या मिळतात. पैसे कमी असतील तर फक्त वरच्या झिल्ल्या बदला आणि स्नेअरच्या दोन्ही.

झिल्ली उतरली की खोडाची कड सपाट काचेवर पालथी ठेवा, आत टॉर्च लावा, खोली अंधारी करा. कडेखालून उजेडाची रेघ दिसली तर तिथे लाकूड झिजलंय किंवा वाकलंय, तो ड्रम सुरात लागणार नाही. क्रोमवरच्या गंजासाठी सँडपेपर नको. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात भिजवा आणि हलक्या हाताने घासा. पाणी करडं-तपकिरी होत जातं आणि क्रोमला ओरखडा पडत नाही. लगेच कोरडं पुसा, स्क्रूंना थेंबभर मशीनचं तेल लावा.

झिल्ली ताणताना आधी सगळे स्क्रू बोटांनी घट्ट करा, मग समोरासमोरचे अर्धा-अर्धा वळसा. ओळीने गोल फिरलात तर झिल्ली एका बाजूला सरकते. प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत टिचकी मारा, सगळीकडे एकच स्वर आला पाहिजे. बिल्डिंगमध्ये वाजवू मात्र नका. पायाच्या ड्रमचा धक्का लादीतून स्लॅबमध्ये उतरतो, खिडक्या लावून तो थांबत नाही. सेट तासावर मिळणाऱ्या जॅम रूममध्ये नेऊन ठेवा आणि बाबांना तिथे न्या.

प्रश्न : सरावात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. आवाज वाढवत वाढवत कान सुन्न होतात. — एक वाचक, बोरिवली

जमिनीवर ठेवलेला अ‍ॅम्प गिटारवाल्याच्या गुडघ्यांना वाजतो. त्याला ऐकू येत नाही म्हणून तो वाढवतो, समोरच्या गायकाचे कान मात्र फाटतात. अ‍ॅम्प खुर्चीवर, कानाच्या उंचीवर, थोडा वर तोंड करून ठेवा. निम्म्या आवाजात काम होतं. गायकाचा स्पीकर माइकच्या पाठीमागून गायकाकडे तोंड करून हवा, आणि माइकची जाळी मुठीत धरायची नाही, त्याने शिट्टी वाजते.

कानांचा हिशेब पाठ करा : ८५ डेसिबलला आठ तास चालतात, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, आणि लहान खोलीत ड्रम सहज तिथे पोचतो. वादकांचे इअरप्लग, १५ ते २० डेसिबल उतरवणारे, पाचही जणांनी घ्या. दुसऱ्या दिवशीही कानात सूं वाजत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : शाळेच्या पटांगणात कार्यक्रम करता येईल का? आणि सरावाला कुठे जमावं? एकजण वाशीला, एक कल्याणला, आम्ही अंधेरीला. — एक वाचक, अंधेरी

लाउडस्पीकरची परवानगी स्थानिक पोलीस ठाण्यातून लेखी घ्या. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते. शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो. धोबी तलावचं रंगभवन, जिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव गाजायचा, ते याच नियमाने मुकं झालं. त्यामुळे शाळेचं बंद सभागृह बघा आणि संध्याकाळी ६ ला सुरू करा. तिकीट लावणार असाल किंवा ध्वनिचित्रफीत इंटरनेटवर टाकणार असाल तर दुसऱ्यांच्या गाण्यांच्या हक्कांची परवानगी वेगळी लागते, तीही आधी बघा.

जमायला दादर. पश्चिम आणि मध्य दोन्ही तिथे मिळतात, वाशीवाल्याला कुर्ल्याला गाडी बदलून येता येतं. सराव शनिवारी संध्याकाळी ठेवा, रविवारी नको : मेगाब्लॉक मध्यला असो की हार्बरला, पाचांतला एकजण अडकतोच. गिटारची पिशवी लोकलमध्ये पाठीवर न ठेवता पुढे छातीशी घ्या, खुंट्यांचं टोक वर करून, आणि उतरताना आधी पिशवी बाहेर काढा.