ब्रीदरमधून ऑइल येतंय म्हणून एफडी मोडायची का?

ताई, तुम्ही विचारलंय की ९५ हजार घालून इंजिन करून घ्यायचं की ४ लाखांची एफडी मोडून नवी गाडी घ्यायची. पण खरं सांगू का, यातलं काहीही ठरवायची वेळ अजून आलेलीच नाहीये, कारण गाडीला नक्की काय झालंय हे कुणी तपासलेलंच नाही. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, ब्रीदरच्या पाईपला ऑइल दिसलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे झिजल्या म्हणाले आणि कागदावर आकडा लिहून दिला. सिलेंडरमधलं प्रेशर मोजायचा गेज लावला नाही, पाईप काढून बघितला नाही. डॉक्टरने नाडी न बघता ऑपरेशनची तारीख दिली तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो ना, मग इथे का नाही?

तुमचं गणित मी समोर ठेवलंय. २०१० ची सात सीटर डिझेल, १ लाख ६२ हजार किलोमीटर, मागच्या वर्षी पासिंग होऊन २०३० पर्यंत आरसी रिन्यू झालेली. महिन्यातून दोनदा वाईला सासूबाईंकडे, बाकी पुण्यातल्या पुण्यात, वर्षाला सात हजार किलोमीटर. दोघांचे मिळून ९२ हजार हातात, त्यातून ३१ हजार घराचा हप्ता. एफडी लेकीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली. आणि दीर म्हणतायत की आता पुरे झालं, सरळ ११ लाखांची नवी घ्या.

आधी ब्रीदर म्हणजे काय ते बघू, कारण पैशाचं सगळं यावरच अवलंबून आहे. इंजिन चालू असताना थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच, अगदी नव्या गाडीतही. तो बाहेर पडायला वाट लागते, ती वाट म्हणजे ब्रीदर. गॅसबरोबर ऑइलची वाफ येते, ती जाळीत किंवा सेपरेटरमध्ये अडते आणि खाली परत जाते, उरलेला गॅस इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, जाऊन जळतो. आता ही जाळी तुंबली तर चेंबरमध्ये प्रेशर वाढतं आणि ऑइल मिळेल तिथून वाट काढतं, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून, क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून, डिपस्टिकच्या (ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीच्या) भोकातून सुद्धा. उलट रिंगा खरंच झिजल्या असतील तर गॅसच इतका येतो की चांगला ब्रीदरही ऑइल ओकायला लागतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, खर्च मात्र एकाचा तीन-चार हजार आणि दुसऱ्याचा लाखाच्या घरात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. आमच्या बाबांची जुनी डिझेल जीप होती, तिची टॅपेट कव्हरची पॅकिंग दोनदा बदलली, मग गिअरबॉक्स उतरवून मागचं सील बदललं, महिन्याभरात परत खाली थेंब. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललं होतं आणि प्रत्येक वेळी बाबांच्या पेन्शनमधून पैसे जात होते. शेवटी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ब्रीदरचा होज काढला आणि माझ्या हातात दिला, बाहेरून ठीक होता पण ऑइल पिऊन पिऊन इतका मऊ झालेला की दोन बोटांत दाबला तर आतून चिकटून बसला. जाळी काढली तर काजळात ग्रीस कालवावं तसा काळा लगदा. ती डिझेलने धुतली, नवा होज, दोन क्लिपा, झालं काम. डिपस्टिक जी रोज दोन बोटं वर आलेली दिसायची ती जागेवर बसली. तेव्हापासून कुणी इंजिन उघडायचा आकडा सांगितला की मी आधी विचारते, ब्रीदर बघितला का?

तर आता तुम्ही काय करायचं. पहिलं काम फुकटातलं, सकाळी गाडी सपाट जागेवर, इंजिन गार, डिपस्टिक बघा. लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल तर बहुधा सर्व्हिसला जास्त ऑइल भरलं गेलंय, ते क्रँकने घुसळलं जाऊन ब्रीदरमधून बाहेर येतं, जास्तीचं काढून टाकलं की बऱ्याचदा तिथेच विषय संपतो. दुसरं, एअर फिल्टर बघा, तो धुळीने गच्च झाला असेल तर इंजिन हवेऐवजी ब्रीदरमधून ऑइल ओढतं. सिंहगड रोडला इतकी वर्षं काम चाललं होतं, त्या धुळीत फिल्टर किती टिकणार. तिसरं, इंजिन गरम करून आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, पण उडून पडत असेल आणि भोकातून धुराचे भपकारे येत असतील तर त्याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि रिंगांवर संशय घेतात. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका, ब्रीदर साफ करून परत हेच बघा, फरक पडला तर इंजिन वाचलं.

मग बाटलीची ट्रायल. ब्रीदरचा पाईप इनटेकवरून काढून एका भोक ठेवलेल्या बाटलीत सोडायचा, इनटेककडचं तोंड नीट बंद करायचं आणि शंभरेक किलोमीटर चालवायची. बाटलीत किती ऑइल जमलं ते दिसतं, आणि बाटली जवळपास कोरडी असून इनटेकच्या पाईपमध्ये ताजं ऑइल आलं तर दोष टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) सीलचा, रिंगांचा नाहीच. ही फक्त ट्रायल हां, काही गॅरेजवाले पाईप कायमचा खाली रस्त्यावर सोडून देतात, तसं करू देऊ नका. हे सगळं करूनही शंका राहिली तर कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा, इंजिन गरम, बॅटरी फुल चार्ज, आणि चारही सिलेंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एखादा बराच खाली असेल तर तिथे काम आहे. हे करणारं गॅरेज ज्यांनी ९५ हजार सांगितले ते नको, दुसरं बघा. या सगळ्याला मिळून दोन-अडीच हजार धरा, आणि माझ्या मते या वर्षात तुम्ही खर्च केलेले ते सगळ्यात शहाणे पैसे असतील.

आता पैशाकडे येते. समजा कॉम्प्रेशनचे आकडे जरा कमी आहेत पण गाडी दर हजार किलोमीटरला ३०० मिली ऑइल खाते. वर्षाला दोन लिटरच्या आसपास, लिटरला चारशे धरले तरी आठ-नऊशे रुपये. धूर निघत नसेल आणि पीयूसी होत असेल तर वर्षाच्या नऊशे रुपयांसाठी ९५ हजारांचं इंजिन उघडायचं नाही, डिपस्टिक बघत बघत चालवायची.

समजा खरंच रिंगा गेल्यात. दीर म्हणतायत गाडीची किंमत दीड लाख आणि तिच्यावर ९५ हजार घालणं वेडेपणा आहे. हा हिशोब बहुतेक जण असाच करतात पण तो चुकीचा आहे, कारण तुम्ही गाडी विकायला निघालेल्या नाही, वापरायला निघाल्यात. आरसीची चार वर्षं हातात आहेत, ९५ हजार भागिले ४८ महिने म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आत. नव्या गाडीचं बघा, ३ लाख एफडीतून डाउन पेमेंट, ८ लाख कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षं, हप्ता १६,८०० च्या आसपास आणि नुसतं व्याज २ लाख ८ हजार. घराचा हप्ता धरून ४७,८०० झाले, म्हणजे पगाराच्या अर्ध्याहून जास्त, आणि लेकीची पहिली फी भरायच्या वेळी एफडीत उरणार एक लाख. मग फीसाठी एज्युकेशन लोन घ्यायचं, म्हणजे गाडी वाईच्या रस्त्यावर आणि कर्ज लेकीच्या डोक्यावर. हे मला पटत नाही आणि तुमचं पत्र वाचून वाटतं की तुम्हालाही पटत नाहीये.

फक्त एक अट. इंजिन करायच्या आधी खालून चासी बघून घ्या, गंज खोलवर असेल, क्लच आणि सस्पेन्शनही कामाला आलं असेल आणि सगळं मिळून दीड लाखाच्या वर जात असेल तर गाडी आहे तशी विका. मग नवी नाही, चार-पाच वर्षं जुनी छोटी पेट्रोल बघा, सात सीट तुम्हाला वर्षातून किती वेळा लागतात ते मोजा. भाड्याच्या गाडीचा विचार लिहिलाय तुम्ही, पण बाहेरगावच्या ट्रिपला दिवसाचे किमान अडीचशे-तीनशे किलोमीटरचे पैसे घेतात आणि वाई जाऊन येऊन १८० च्या आसपास, महिन्यातून दोनदा ते परवडणार नाही.

डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद होते असं कुणीतरी तुमच्या डोक्यात घातलंय, तो नियम दिल्ली एनसीआरचा आहे. पुण्यात तुमची आरसी, विमा आणि पीयूसी चालू आहे तोवर गाडी रस्त्यावर आणायला अडचण नाही.

आणि काम निघालंच तरी एफडी मोडू नका. मोडली की दंड म्हणून व्याज कापतात. त्याच बँकेत एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून हवे तेवढे उचलायची सोय, मिळतो, सहसा एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त, जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज. ९५ हजार घेतले आणि महिन्याला आठ हजार भरले तर साधारण वर्षभरात फिटतात, एफडी जागेवर.

तपासणी होईपर्यंत एक काळजी घ्या, टर्बो डिझेलच्या इनटेकमध्ये ऑइल खूप साचलं तर इंजिन तेच ऑइल जाळून स्वतःहून पळायला लागतं, चावी काढली तरी बंद होत नाही. असं झालं तर वरचा गिअर, ब्रेक दाबून धरायचा आणि क्लच सोडायचा, म्हणजे बंद पडतं. मिस्टरांनाही हे सांगून ठेवा. या शनिवारी खंबाटकी घाट चढू नका, सासूबाईंना फोन करा आणि स्वारगेटहून एसटीने जा.